दुपारी एक वाजता : दहावीच्या निकालाचा घटनाक्रम

आदला दिवस. गुरुवार, 15 जुलै 2021

भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत गुरुवार म्हणजे सुट्टी. दहावीचं पोर असलेल्या घरांत एकच विषय: उद्या दुपारी एक वाजता निकाल. करोनामुळे परीक्षाच झालेली नाही. नववीचे 50 गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20, असा हिशेब आहे. शाळा बंद असल्यानं निकाल बघायचा तो मोबाइलवरच.

राज्यभरात पावणेसोळा लाख मुलं आणि सगळ्यांना दिलेली वेळ एकच. संकट इथंच ठरलं.

एक तास आधी. शुक्रवार, दुपारी 12

पावणेसोळा लाखांनी पहिल्या मिनिटात एकेकदाच पान उघडलं, तरी सेकंदाला 26 हजार मागण्या होतात. दहातलं एकच मूल आलं, तरी 2,600. शिवाय प्रत्येक मुलाबरोबर आई, मामा आणि वर्गशिक्षकही तेच पान उघडणार.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभं राहिलेल्याला रांगेचं हे गणित वेगळं शिकवावं लागत नाही. मागण्या येण्याच्या वेळा आणि प्रत्येकीला लागणारा वेळ दोन्ही अनियमित असतील आणि सर्व्हर निम्म्या क्षमतेवर चालत असेल, तर रांगेत थांबण्याचा वेळ सरासरी एका कामाइतका असतो. भार 90 टक्क्यांवर गेला की तो नऊ कामांइतका होतो आणि 99 टक्क्यांवर 99 कामांइतका. शेवटच्या थोड्याशा भारानंच सगळं बिघडतं. म्हणून ‘काल तर नीट चालत होतं’ या वाक्याला इथं काही किंमत नाही.

पाच मिनिटं आधी. 12:55

ज्यांची दुसरी पाळी आहे ते डबा भरून दारात थांबलेत. महाळुंगेच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसची वेळ होत आलीय, पण निकाल बघूनच निघायचंय. अनेक कारखान्यांत लाइनवर मोबाइल नेता येत नाही. आता दिसला नाही, तर रात्रीपर्यंत नाही.

बैठक क्रमांक टाकून झाला. आईचं नाव टाकून झालं. अंगठा बटणावर आहे.

1:00

पान उघडत नाही. पांढरा पडदा आणि वर फिरणारं चक्र.

संगणकाच्या प्रतिसादाबद्दल वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी 1993 मध्ये तीन मर्यादा मांडल्या. एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपुढे लक्ष टिकत नाही. पण ज्याला वर्षभराचं फळ बघायचंय, तो दहा सेकंदांनंतर लक्ष काढून घेत नाही. तो पुन्हा बटण दाबतो.

1:05

आता संथपणाच भार वाढवू लागतो. मुलानं पान पुन्हा लोड केलं, तरी पहिली मागणी सोडून दिल्याचं सर्व्हरला कळतंच असं नाही. तो पहिल्या मागणीवर राबत राहतो, डेटाबेसमधून गुण आणतो, पान तयार करतो, आणि ते घ्यायला पलीकडे कुणी नसतं. तेच मूल पुन्हा रांगेच्या शेवटी उभं असतं. मशीन पूर्ण ताकदीनं चालतंय, पण हाती माल शून्य.

कारखान्यात अशा वेळी अँडनची, म्हणजे अडचण कळवायची, दोरी ओढतात, गरज पडली तर लाइन थांबते, अडलेलं स्टेशन मोकळं होतं. संकेतस्थळालाही अशी दोरी लागते. झेपतील तेवढ्यांनाच आत घ्यायचं आणि बाकीच्यांना साधं पान दाखवायचं: ‘तुमचा क्रमांक अमुक, इतकी मिनिटं लागतील.’ रेशनच्या रांगेत माणूस तासभर उभा राहतो, कारण पुढे किती जण आहेत ते त्याला दिसतं. फिरणारं चक्र तेवढंही सांगत नाही.

4:00

निर्बंधांमुळे दुकानं चारलाच बंद होतात. सायबर कॅफेचं शटर खाली येतं. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर पाळीवर गेलाय, तिथला शेवटचा मार्गही मिटतो.

संध्याकाळ

निकाल 99.95 टक्के. जवळजवळ सगळेच पास. पण संध्याकाळ झाली, तरी अनेकांना तो दिसलेला नव्हता. आनंदाची बातमी तयार होती, फक्त पोचत नव्हती.

मला हेच सर्वांत जास्त लागतं. एकदा जाहीर झालेला निकाल बदलत नाही. मग तो दर वेळी डेटाबेसमधून नव्यानं काढायचा कशाला? प्रत्येक मुलाचं पान आदल्या रात्रीच तयार करून, ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून, एक वाजता कुलूप काढता येतं. स्वयंपाक आधी उरकला असेल, तर पंगतीला फक्त वाढायचं उरतं.

18 दिवसांनंतर. 3 ऑगस्ट, दुपारी 4

बारावीचा निकाल. या वेळी तो बघायला अनेक संकेतस्थळं दिली गेली. दारं वाढली, हा योग्य दिशेचा धडा होता.

पण दारं वाढवणं पुरेसं नाही. एक वाजताची वेळ जो जाहीर करतो, त्यानं एक वाजून एक मिनिटाची तालीम आधी करायला हवी. दारात डबा घेऊन थांबलेल्या बापाला त्या मिनिटात उत्तर मिळालं पाहिजे. संध्याकाळी मिळालेल्या उत्तरात गुण तेच असतात, पण तोवर त्याची बस गेलेली असते.