'आमच्याकडे' म्हणजे कुठे?

डिजिटल कथाकथनाला १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डॅना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि नीना मलन यांनी संस्थात्मक रूप दिले. सामान्य माणसाने स्वतःच्या आवाजात, घरातली छायाचित्रे जोडून, दोन-तीन मिनिटांची गोष्ट सांगायची, एवढीच त्याची चौकट. २००१ मध्ये बीबीसी आणि कार्डिफ विद्यापीठ यांनी 'कॅप्चर वेल्स' या उपक्रमातून ही पद्धत वेल्समध्ये ठिकठिकाणी नेली. या मूळ पद्धतीत सांगणारा आणि संकलन करणारा एकच असे. विद्यार्थी तिचा उपयोग संशोधनासाठी करतात, तेव्हा गोष्ट एकाची आणि कात्री दुसऱ्याची अशी विभागणी होते. स्थलांतराच्या अभ्यासात हा फरक निर्णायक ठरतो, असे आम्हांला वाटते.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेऊ. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील पाचांपैकी चार रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरी, सातारा येथून आलेल्या कामगाराने गाव सोडले म्हणजे तोडले, असे झाले नाही. गावाशी राखलेले नाते हे शहरात टिकून राहण्याचेच एक साधन होते, हे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाल्यावर अनेकांनी गावाचाच आधार घेतला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये हा इतिहास कामगारांच्या तोंडून ग्रंथबद्ध केला.

असा कामगार बोलता बोलता 'आमच्याकडे' म्हणतो, तेव्हा ते कधी परळची चाळ असते, कधी कोकणातले घर. पुष्कळदा एकाच वाक्यात दोन्ही. तीन मिनिटांच्या गोष्टीला मात्र आगमन, संघर्ष आणि शेवट अशी सरळ रेघ हवी असते. या रेघेसाठी पहिल्यांदा कापले जाते ते हेच दुहेरी 'आमच्याकडे'. मनिऑर्डरीची वाट पाहत गावीच राहिलेली स्त्रीही तिथेच गळते. ती कुठेही गेली नाही, पण स्थलांतराने तिचेही आयुष्य घडवले.

आपलेपणाचा पुरावा अशा अडखळण्यात असतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला निवेदकाचे घुटमळणे वाचता येते. तीच दृष्टी संकलनाच्या मेजावर हवी. संकलित गोष्ट सांगणाऱ्याला आधी दाखवावी आणि काय परत जोडायचे, हे त्याला ठरवू द्यावे. गोष्ट थोडी लांबेल. पण ती त्याची राहील.