एक्झॉस्ट फॅनमधली दोन वेटोळी

जुन्या घराची दुरुस्ती निघाली की स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवायचे ठरतेच. गवंडी भिंतीला भोक पाडून देतो, वायरमन तारा ओढतो. अशा पंख्याची मोटर उघडली तर आत तारेची दोन स्वतंत्र वेटोळी असतात आणि सोबत एक कपॅसिटर, म्हणजे धारित्र. पंखा एक, तर वेटोळी दोन कशाला? उत्तरासाठी आपल्याला १८२४ सालच्या पॅरिसमध्ये जावे लागेल.

तिथे अरागो या शास्त्रज्ञाला आढळले, की टांगलेल्या चुंबकसूचीखाली तांब्याची चकती फिरवली तर सूचीही तिच्यामागे फिरू लागते. चुंबक तर तांब्याला ओढत नाही! हे कोडे १८३१ मध्ये फॅराडेने सोडवले. चुंबकाच्या सान्निध्यात फिरणाऱ्या चकतीत विद्युतधारा निर्माण होते आणि त्या धारेचे चुंबकत्व सूचीला ओढते. उलट, चुंबक फिरवला तर चकती फिरते. (पाण्यावर अॅल्युमिनियमची हलकी थाळी तरंगत ठेवून तिच्यावर, स्पर्श न करता, बलवान चुंबक फिरवून हे वर्गात दाखवता येते.)

१८७९ साली लंडनमध्ये वॉल्टर बेली यांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी चार विद्युतचुंबक जागच्या जागी ठेवले आणि त्यांतील बॅटरीची धारा हाताने क्रमाक्रमाने बदलली. चुंबक हलले नाहीत, त्यांचे क्षेत्र मात्र फिरले आणि वरची चकतीही फिरली. पुढे इटलीतील तुरिनचे प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये हाताचे काम प्रत्यावर्ती धारेवर सोपवले. एकमेकांशी काटकोनात ठेवलेली दोन वेटोळी, एकीतील धारा दुसरीच्या थोडी मागे. एवढ्यावर तांब्याचा दंडगोल फिरू लागला. १८८८ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी टेस्ला यांना अमेरिकेत अशा मोटरींची पेटंटे मिळाली.

गंमत म्हणजे फेरारिस यांना आपली मोटर व्यवहारात निरुपयोगी वाटली. तिची कार्यक्षमता निम्म्यावर जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. जास्तीत जास्त शक्ती कधी मिळते हे त्यांनी काढले. पण जास्तीत जास्त कार्यक्षमता त्याच वेगाला मिळते असे नाही. कारखान्यांतल्या मोठ्या मोटरींनी तो हिशेब कधीच मागे टाकला. स्वस्तातल्या छोट्या पंख्यांनी मात्र, आमच्या मते, त्यांचा मान राखला आहे!

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. घरच्या एकाच फेजमुळे एका वेटोळ्यात जे क्षेत्र तयार होते ते फिरत नाही, जागीच कमीजास्त होते. थांबलेल्या पंख्याला कुठल्या दिशेने निघायचे हेच ठरवता येत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वेटोळ्यातील धारा पुढे सरकवतो आणि क्षेत्र फिरू लागते. म्हणून कपॅसिटर बिघडलेला पंखा नुसता गुणगुणतो. (अगदी लहान पंख्यांत हेच काम तांब्याचे कडे करते.)

एका वेटोळ्याची टोके उलटी जोडली तर पंखा उलटा फिरून धूर घरात ढकलतो. चूक लगेच कळते. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली तर मात्र दोन्ही वेटोळ्यांतील धारा एकदमच उलटतात. दिशा तीच राहते, पंखा झकास चालतो आणि कुणालाच शंका येत नाही. बटण मात्र आता न्यूट्रलवर बसलेले असते. ते बंद केले की पंखा थांबतो, पण वेटोळी २३० व्होल्टवरच राहतात. तेलकट पाती पुसायला स्टुलावर चढलेल्या माणसाला हे दिसत नाही. आतले आवरण तेलाने व उष्णतेने खराब झालेले असेल आणि अर्थिंगची तार जोडलेली नसेल, तर पंख्याच्या धातूच्या अंगातही वीज उतरते.

म्हणून वायरमन काम संपवून निघण्याआधी त्याला बटण बंद करून पंख्याच्या जोडणीला टेस्टर लावायला सांगावे. टेस्टर पेटला, तर बटण चुकीच्या तारेत बसले आहे.