काचपात्रातील समुद्रपुष्प : घरगुती सागरी जलजीवालयाच्या इतिहासाचा एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

समुद्रपुष्प आणि त्याच्या संस्पर्शकांत निर्धास्तपणे वावरणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश ही जोडी आज जगभरातील घरगुती सागरी जलजीवालयांची जणू ओळख बनली आहे. समुद्रपुष्प हे नावाने पुष्प असले तरी प्रत्यक्षात तो प्रवाळाच्या कुळातील, दंशपेशींनी भक्ष्य बधिर करणारा प्राणी आहे. असा प्राणी समुद्रापासून दूर, एखाद्या घराच्या दिवाणखान्यात जिवंत ठेवता येतो, ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वी अशक्यप्राय वाटली असती. जलजीवालयाचा इतिहास सामान्यतः तंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. काच, पंप, दिवे आणि गाळणी यांची क्रमाक्रमाने झालेली सुधारणा हा त्याचा कणा मानला जातो. तथापि या प्रगतीची किंमत कोणी व कोठे मोजली, हा प्रश्न त्यात बहुधा बाजूस राहतो.

प्रस्तुत निबंधात हा इतिहास माशाऐवजी समुद्रपुष्पाला केंद्रस्थानी ठेवून तपासण्याचा प्रयत्न केला आहे. मासा माणसाच्या ताब्यात येऊन तेथे वाढू लागला. समुद्रपुष्प मात्र आजही बव्हंशी समुद्रातूनच आणावे लागते. या दोन प्राण्यांच्या वाटा वेगळ्या का झाल्या, याचे उत्तर शोधताना एका छंदाच्या नैतिक मर्यादाही स्पष्ट होतात.

समुद्र घरात आला : १८४६ ते १८६०

सागरी प्राणी घरात दीर्घकाळ जगवण्याच्या सुरुवातीच्या यशस्वी प्रयत्नांत अ‍ॅना थिन या इंग्रज महिलेचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तिने १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिच्या घरातील दासी उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी रोज बराच वेळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पुढील वर्षी तिने पात्रात सागरी वनस्पतींची भर घातली. आज विजेचा पंप जे काम करतो ते तेव्हा एका दासीचे हात करीत होते, ही बाब या छंदाच्या सामाजिक पायाकडे निर्देश करते.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती, मासे आणि गोगलगाई यांचा परस्परपूरक मेळ घातल्यास पात्रातील पाणी वारंवार न बदलताही सजीव जगू शकतात, हे आपल्या प्रयोगांतून दाखवले. हे प्रयोग त्याने १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्याचे प्रारंभीचे प्रयोग गोड्या पाण्यातील होते. नंतर तो खाऱ्या पाण्याकडे वळला. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील 'फिश हाउस' १८५३ मध्ये जनतेसाठी खुले झाले, तर गॉसचा 'द अ‍ॅक्वेरियम' हा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याने क्षारांच्या मिश्रणातून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची पद्धतही मांडली. ब्रिटनमधील समुद्रपुष्पांवरील त्याचा सचित्र ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण झाला.

या लाटेमागे काही भौतिक कारणे होती. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे किनारा व शहर यांतील अंतर कमी झाले होते. समुद्रपुष्पाला या काळात विशेष पसंती मिळाली, त्याचे कारण जीवशास्त्रीय होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या ब्रिटिश जातींना कोरडेपणा, तापमानातील चढउतार आणि पाण्यातील बदल सहन करण्याची सवय असते. साहजिकच त्या ओबडधोबड काचपात्रातही तग धरत.

'आजी' आणि उजाड किनारे

समुद्रपुष्पाच्या दीर्घायुष्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जलजीवालयाची लाट येण्यापूर्वीचे आहे. सर जॉन ग्रॅहम डॅलयेल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले. १८५१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. समुद्रपुष्प मात्र जिवंत राहिले आणि एकामागून एक अभ्यासकांच्या हाती गेले. ते 'ग्रॅनी' म्हणजे 'आजी' या नावाने ओळखले जाई. शेकडो पिलांना जन्म देऊन हे समुद्रपुष्प अखेर १८८७ मध्ये एडिंबरो येथे मरण पावले. साध्या काचपात्रात त्याने एकोणसाठ वर्षे काढली. नियमित निगा राखणाऱ्या व्यक्तींची अखंड परंपरा हेच त्यामागील खरे रहस्य होते, असे म्हणता येईल.

तथापि 'आजी'चे भाग्य अपवादात्मक होते. छंदाची लाट पसरली तसे किनाऱ्यावरील खडकांतील डबकी संग्राहकांनी उपसून काढली. छिन्नी-हातोडी घेऊन समुद्रकिनारी जाणे ही मध्यमवर्गीय कुटुंबांची करमणूक बनली. गॉसचा पुत्र एडमंड याने 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मचरित्रात या विध्वंसाची खंत नोंदवली आहे आणि आपल्या वडिलांनाही त्याचे दुःख झाल्याचे सूचित केले आहे. ज्या ग्रंथांनी लोकांना समुद्राकडे पाहायला शिकवले त्यांनीच नकळत किनारे उजाड करण्यास हातभार लावला. ज्ञानप्रसार आणि विनाश यांचा हा जवळचा संबंध या इतिहासात पुढेही वारंवार दिसतो.

उष्ण समुद्रातील जोडीचा शोध

क्लाउनफिश आणि समुद्रपुष्प यांचे सहजीवन युरोपीय विज्ञानाच्या नजरेस आले ते आशियाई समुद्रांतून. कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गअभ्यासकाने चीन समुद्राच्या परिसरातील प्रवासात महाकाय समुद्रपुष्पे आणि त्यांत राहणारे मासे पाहिले व १८६८ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर डच प्राणिशास्त्रज्ञ स्लाउटर याने बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जाकार्तात, ही जोडी पात्रात ठेवून निरीक्षणे केली. समुद्रपुष्पाचा आश्रय नसलेले मासे इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात, असे त्याने १८८८ मध्ये मांडले. बटाव्हियाच्याच उपसागरात यान फेरवाय याने या सहजीवनाचा सविस्तर अभ्यास करून तो १९३० मध्ये प्रसिद्ध केला.

मासा दंशापासून कसा वाचतो, हा प्रश्न पुढे प्रयोगाचा विषय झाला. डेव्हनपोर्ट आणि नॉरिस यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात माशाच्या त्वचेवरील श्लेष्माच्या थराला महत्त्व दिले. समुद्रपुष्पाशी क्रमाक्रमाने संपर्क वाढवत मासा त्याला सरावतो, हे त्यांनी पात्रातील निरीक्षणांतून दाखवले. येथे जलजीवालय ही केवळ करमणुकीची वस्तू न राहता प्रयोगशाळा बनली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र ही उष्णकटिबंधीय जोडी घरात टिकवणे अवघड ठरले. क्लाउनफिशांना आश्रय देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या दहा जाती मानल्या जातात. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारे अन्न त्यांना पुरवतात. त्यामुळे तीव्र प्रकाश, स्थिर तापमान आणि अत्यंत शुद्ध पाणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आवश्यक ठरतात. ब्रिटिश किनाऱ्यावरील काटक समुद्रपुष्पाला जे काचपात्र पुरले ते या जातींना पुरणे शक्यच नव्हते.

जाकार्ता ते बर्लिन : जिवंत खडकाचे तंत्र

या अडचणीवर मार्ग सुचवणारा महत्त्वाचा विचार पुन्हा जाकार्तातूनच आला. ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातील जीवजंतूंनी भरलेले 'जिवंत' खडक, नैसर्गिक समुद्रजल, सूर्यप्रकाश आणि हवेचे मंद बुडबुडे एवढ्याच साधनांवर ती आधारलेली होती. पात्र निर्जंतुक ठेवण्यावर भर देणाऱ्या तत्कालीन प्रथेच्या ती नेमकी विरुद्ध होती. मासे उत्सर्जित करीत असलेल्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू पाण्याइतकेच आवश्यक आहेत, हे शास्त्रीय ज्ञानही याच कालखंडात छंदिष्टांपर्यंत पोहोचू लागले.

पुढे बर्लिनमधील छंदिष्टांनी, विशेषतः डिट्रिश श्ट्यूबर यांनी, जिवंत खडकाला सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या प्रोटीन स्किमरची आणि प्रखर मेटल हॅलाइड दिव्यांची जोड दिली. 'बर्लिन पद्धत' या नावाने हे तंत्र १९८० च्या दशकापासून युरोप-अमेरिकेत पसरले. प्रवाळाच्या फांदीचा तुकडा तोडून तो दुसऱ्याच्या पात्रात वाढवण्याची प्रथाही याच वर्तुळांतून रूढ झाली. विज्ञानसंस्थांबाहेरच्या हौशी मंडळींनी निर्माण केलेले हे ज्ञान पुढे संशोधकांनाही उपयुक्त ठरले. तथापि या पद्धतीचा पाया असलेला जिवंत खडक समुद्रातूनच काढला जात होता. भारतात प्रवाळभित्ती उभारणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण २००१ मध्ये मिळाले. त्यामुळे येथील छंदिष्टाला जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळखडक हा बाजारातून आणण्याचा पर्याय मानता येत नाही.

मासा पाळीव झाला, समुद्रपुष्प मागे राहिले

क्लाउनफिशाच्या पैदाशीचे व्यापारी प्रयत्न अमेरिकेत फ्लोरिडा येथे मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी यशस्वी केले. या माशाचा जीवनक्रम त्यास अनुकूल होता. फ्रिके व फ्रिके यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, गटातील सर्वांत प्रबळ मासा मादी असतो. ती नाहीशी झाल्यास नराचेच मादीत रूपांतर होते. म्हणजेच कोणतीही दोन लहान पिले एकत्र वाढवल्यास कालांतराने त्यांची जोडी तयार होऊ शकते. मादी कठीण पृष्ठभागावर अंडी घालते, नर त्यांची राखण करतो आणि सुमारे आठवड्याभरानंतर अंधार पडल्यावर डिंभ बाहेर येतात. त्यांना रोटिफरसारखे सूक्ष्म खाद्य पुरवता आले की मोठा अडथळा दूर होतो. अंडी घालण्यासाठी समुद्रपुष्पाचीही गरज नसते. मातीचे भांडे किंवा फरशीचा तुकडा पुरतो. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य अनुसंधान संस्थेच्या मंडपम येथील केंद्रात विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर क्लाउनफिशांच्या अनेक जातींची पैदास साध्य झाली.

समुद्रपुष्पाची स्थिती याहून वेगळी आहे. 'बबल-टिप' म्हणून ओळखली जाणारी एक जात पात्रात विभाजनाने वाढते. परंतु स्टिकोडॅक्टिला वंशातील मोठ्या जातींची व्यापारी प्रमाणावर पैदास रूढ झालेली नाही. ही समुद्रपुष्पे सावकाश वाढतात, अनेक दशके जगतात आणि त्यांची नवी पिढी क्वचितच रुजते. शिवाय घरगुती पात्रात जागा न मानवल्यास ती भटकतात आणि पंपात अडकून मरतात. त्यांचे शरीर कुजले की पाणी दूषित होऊन इतर प्राणीही दगावतात.

समुद्रातून केलेल्या वेचणीचा परिणाम मोजला गेला आहे. फिलिपीन्समधील सेबू परिसरात शुमन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेचणी होणाऱ्या भागांत समुद्रपुष्पे व क्लाउनफिश या दोहोंची घनता संरक्षित भागांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळली. 'फाइंडिंग निमो' या २००३ मधील चित्रपटामुळे मागणी वाढून प्रवाळभित्ती ओस पडल्या, असे अनेकदा म्हटले गेले. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या समजाला पुरेसा आधार मिळाला नाही. हानीचा दोष एका चित्रपटावर ढकलल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. एक समुद्रपुष्प काढले की त्यात राहणाऱ्या माशांचे घर जाते आणि ते घर पुन्हा उभे राहण्यास अनेक वर्षे लागू शकतात, हा मूळ प्रश्न आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घरगुती सागरी जलजीवालयाने खरे ज्ञान निर्माण केले. समुद्रपुष्पाचे आयुर्मान, सहजीवनाची यंत्रणा आणि प्रवाळांची वाढ यांविषयीचे महत्त्वाचे ज्ञान काचपात्रांतून मिळाले.

२) या ज्ञानाचा खर्च बहुतांशी किनाऱ्याने सोसला. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडच्या डबक्यांनी सोसला, तर विसाव्या शतकात आशियातील प्रवाळभित्तींनी.

३) तंत्रातील प्रगतीमुळे ही हानी आपोआप थांबत नाही. क्लाउनफिशाबाबत ती कमी होऊ शकली, कारण त्याची पैदास शक्य झाली. समुद्रपुष्पाबाबत तसे घडलेले नाही.

४) म्हणून पात्रात जन्मलेला क्लाउनफिश समुद्रपुष्पाविना पाळणे हे अपूर्ण जलजीवालयाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. समुद्रपुष्प ठेवायचेच असेल तर विभाजनातून मिळालेले घ्यावे.

डॅलयेलच्या समुद्रपुष्पाने आपल्या पहिल्या पालकानंतर छत्तीस वर्षे काढली. समुद्रपुष्प घरी आणणे म्हणजे स्वतःच्या आयुष्यापलीकडे जाऊ शकणारी जबाबदारी स्वीकारणे होय, एवढा बोध या इतिहासातून निश्चितच घेता येतो.