यंत्रांचे बोलके दिवे

देवघरातील समई मंदावली, म्हणजे तेल सरले आहे की वात काजळली आहे, हे घरातील वडीलधारी स्त्री एका दृष्टिक्षेपात ओळखते. ज्योतीने लक्षण दाखवावे आणि जाणत्याने त्यावरून कारण शोधावे, असा हा व्यवहार आहे. संगणकाच्या अंतरंगातील बिघाड बाहेरच्या दिव्यांवरून ओळखण्याची विद्याही त्याच जातीची होय. मात्र तिचा इतिहास उण्यापुऱ्या ऐंशी वर्षांचा आहे.

१९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या मूर विद्यालयात ‘एनिअॅक’ हे गणकयंत्र जगापुढे ठेवण्यात आले. जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट हे त्याचे शिल्पकार. जुन्या रेडिओतील चार-पाच व्हॉल्व्हपैकी एक जरी गेला तरी सारा आवाज बंद पडे. या यंत्रात तसे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. त्यांतील एखादा निकामी झाला, तर यंत्र बंद न पडता चुकीचे उत्तर देण्याचा संभव होता आणि तो धोका अधिक मोठा होता. म्हणून बेरजा साठविणाऱ्या त्याच्या २० विभागांवर निऑनचे लहान दिवे बसविलेले होते. कोणत्या स्थानी कोणता अंक आहे, हे त्या दिव्यांवरून कळे. प्रदर्शनाच्या वेळी ते दुरूनही दिसावेत म्हणून त्यांवर टेबल टेनिसच्या चेंडूंची अर्धी टरफले बसविण्यात आली होती.

परंतु सेकंदाला ५,००० बेरजा करणाऱ्या यंत्राचे दिवे मानवी डोळ्याला कसे वाचता यावेत? यासाठी यंत्र एकेका पायरीने चालविण्याची सोय होती. प्रत्येक पायरीस दिवे पाहावयाचे, कागदावरील अपेक्षित आकड्याशी ते ताडावयाचे आणि जेथे फरक पडेल तेथे बिघाड शोधावयाचा, अशी ही पद्धत होती. यंत्रावर गणिते मांडण्याचे काम सहा स्त्रियांकडे होते. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. केवळ आराखड्यांवरून त्यांनी यंत्राची रचना आत्मसात केली आणि बिघाडाचा माग जवळजवळ नेमक्या व्हॉल्व्हपर्यंत काढण्याइतके प्रावीण्य मिळविले. दिव्यांची छायाचित्रे जगभर गेली. ते वाचणाऱ्या डोळ्यांची दखल मात्र फार उशिरा, १९९७ साली जाहीर सन्मानाने घेतली गेली.

पुढील दोन दशकांत मोठ्या संगणकांच्या दर्शनी फलकांवर दिव्यांच्या रांगाच लागल्या. त्यांबरोबर एक नवीच शंका उत्पन्न झाली. दिवा लागला नाही, तर दोष नाही असे समजावे, की दिवाच गेला आहे असे? १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या ‘सिस्टिम/३६०’ मालिकेतील यंत्रांवर याकरिता सर्व दिवे एकदम लावून पाहण्याची कळ होती. साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदाराची परीक्षा घेण्याची ही रीत होती. १९६२ साली निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी सिद्ध केला. अल्प विजेवर चालणारा आणि दीर्घकाळ टिकणारा हा दिवा पुढे इतका लहान व स्वस्त झाला, की तो दर्शनी फलकावरून निघून थेट यंत्राच्या एकेका भागाशेजारी जाऊन बसला.

विसावे शतक संपता संपता सर्व्हरमध्ये या दिव्यांची वाटच आखण्यात आली. दर्शनी भागावरील पिवळसर दिवा दोष असल्याचे सांगतो. त्यामागील लहान फलक तो दोष मेमरीत, पंख्यात की वीजपुरवठ्यात आहे ते दर्शवितो. आणि झाकण उघडताच नेमक्या त्या भागाशेजारचा दिवा दिसतो. वीज तोडल्यावरही साठविलेल्या अल्प विद्युतभारावर हे दिवे क्षणभर पुन्हा लावता येतील, अशीही योजना काही यंत्रांत आहे.

एवढे असूनही वाचणाऱ्याची जबाबदारी संपलेली नाही. मेमरीच्या पट्टीशेजारी दिवा लागला, म्हणजे पट्टीच गेली असे होत नाही; ती नीट बसलेली नसेल किंवा दोष तिच्या खाचेत असेल. पट्ट्यांची अदलाबदल करून दोष पट्टीबरोबर जातो की खाचेपाशीच राहतो, हे पाहावे लागते आणि यंत्राने ठेवलेली घटनांची नोंद वाचावी लागते. रंग व उघडझाप यांचे अर्थही निर्मात्यागणिक बदलतात. एका डिस्कचा बिघाड सोसण्याइतकीच ताकद असलेल्या संचात एक डिस्क आधीच गेली असता, घाईने तिच्या शेजारची धडधाकट डिस्क ओढून काढली, तर सारा संच कोलमडतो. त्या संचात एखाद्या रुग्णालयातील रुग्णांचे कागद असतील, एखाद्याच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब असेल; ते गमावण्यास हाताची एक चूक पुरते.

एनिअॅकपासून आजवर दिवा बिघाडाच्या अधिकाधिक जवळ सरकत गेला आणि शोधणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचले. तथापि दिवा ठिकाण दाखवितो, कारण सांगत नाही. समईची ज्योत मंदावली म्हणून कोणी समईच टाकून देत नाही. आधी तेल पाहिले जाते, मग वात.