टपालातून आलेलं '१९८४'

आपल्याकडे पूर्वी पुस्तक टपालाने पाठवायचं म्हणजे बुकपोस्ट. पाकिटाची एक बाजू उघडी ठेवायची, सुतळी बांधायची, वर ठळक अक्षरांत 'बुकपोस्ट' लिहायचं आणि कमी पैशांत काम भागवायचं. बाजू उघडी कशासाठी, तर आत पत्र दडवलेलं नाही ना हे पोस्टाला बघता यावं म्हणून. आत पुस्तक कुठलं आहे याच्याशी पोस्टाला सहसा काही देणंघेणं नसे. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. ज्या देशांत पोस्टाला नेमकं त्याच्याशीच देणंघेणं होतं, तिथे एक कादंबरी टपालाने कशी निघाली आणि पुढे हातोहात कशी फिरली, याबद्दल गेले काही दिवस वाचतोय. डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

कादंबरी म्हणजे जॉर्ज ऑर्वेलची '१९८४'. ८ जून १९४९ ला ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिला विज्ञानकथा म्हणावं की नाही यावर वाद घालणारे भेटतात. अंतराळयानं नाहीत, परग्रहावरचे पाहुणे नाहीत, मान्य. पण पस्तीस वर्षं पुढचं जग आहे, भिंतीवर बसून माणसाला बघणारा-ऐकणारा टेलिस्क्रीन आहे, जनतेसाठी कादंबऱ्या जुळवणारी यंत्रं आहेत. शिवाय तिची थोरली बहीण शोभेल अशी झाम्यातिनची 'आम्ही' ही रशियन कादंबरी तर सरळसरळ विज्ञानकथाच. तिच्यात काचेची घरं आहेत आणि अंतराळयानही आहे. ती १९२०-२१ मध्ये लिहिली गेली, १९२४ मध्ये इंग्रजीत आली आणि सोव्हिएत वाचकाला अधिकृतपणे वाचायला मिळाली १९८८ मध्ये! ऑर्वेलने १९४६ मध्ये तिचं परीक्षण लिहिलं होतं.

ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेला, अवघ्या ४६व्या वर्षी. '१९८४'चा पुढचा प्रवास त्याने पाहिला नाही. पण आपलं पुस्तक कुठल्या वाचकाला हवं आहे याची त्याला कल्पना असावी. 'ॲनिमल फार्म'चं युक्रेनियन भाषांतर १९४७ मध्ये निघालं, ते जर्मनीतल्या छावण्यांत अडकलेल्या निर्वासितांसाठी. ऑर्वेलने त्याचं मानधन घेतलं नाही, वर खास प्रस्तावना लिहून दिली. त्यातल्या दीडेक हजार प्रती म्युनिकमध्ये जप्त होऊन सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली झाल्या. जप्त कोणी केल्या? अमेरिकन अधिकाऱ्यांनी! हे लक्षात ठेवा, कारण दहा वर्षांच्या आत चित्र पार उलटं होणार आहे.

'१९८४'चं पोलिश भाषांतर १९५३ मध्ये आलं. पोलंडमध्ये नव्हे, पॅरिसजवळ, देश सोडून आलेल्या पोलिश मंडळींच्या प्रकाशनसंस्थेतून. त्याच वर्षी, त्याच संस्थेने चेस्वाव मिवोश या कवीचं 'द कॅप्टिव्ह माइंड' काढलं. मिवोश आधी पोलंडच्या परराष्ट्र खात्यात होता, १९५१ मध्ये बाहेर पडला. त्याने एक मजेशीर निरीक्षण नोंदवलंय. '१९८४' मिळवणं कठीण आणि बाळगणं धोक्याचं, त्यामुळे ती वाचायला मिळते कोणाला, तर पक्षाच्या वरच्या वर्तुळातल्या मोजक्यांना. आणि रशियात कधीही न राहिलेल्या या माणसाला आपलं जगणं इतकं नेमकं कसं कळलं, याचं त्यांना आश्चर्य वाटतं. म्हणजे बंदी घालणाऱ्यांच्याच घरात पुस्तक आधी पोचलं होतं.

सामान्य वाचकाचं काय? तिथे टपाल येतं.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्री युरोप कमिटीने पूर्व युरोपात टपालाने वाचनसाहित्य पाठवायला सुरुवात केली. त्याआधी फुग्यांना पत्रकं बांधून सीमेपलीकडे सोडायचा प्रकार होता. टपालाची रीत साधी होती. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांतून आणि अशाच याद्यांतून नावं-पत्ते काढायचे, आणि पश्चिमेतल्या खऱ्याखुऱ्या प्रकाशकांकडून, पुस्तकांच्या दुकानांकडून त्यांच्याच नावाने पुस्तक भेट म्हणून रवाना करायचं. हा उद्योग पुढे जॉर्ज मिंडेन नावाच्या, रोमानियात जन्मलेल्या गृहस्थाने सांभाळला. त्याचं म्हणणं असं, की तिकडच्या माणसांना घोषणा पुरेशा मिळतात, त्यांची उपासमार होतेय ती पुस्तकांची. म्हणून त्याच्या याद्यांत राजकारणाबरोबर शब्दकोश होते, चित्रकलेची पुस्तकं होती, तत्त्वज्ञान होतं, कादंबऱ्या होत्या. आणि ऑर्वेल होता. १९९१ मध्ये हे काम थांबलं तोवर पस्तीस वर्षांत जवळजवळ एक कोटी पुस्तकं आणि नियतकालिकं गेली होती.

अर्थात '१९८४'सारखं नाव पाकिटात सापडलं तर ते जप्त होण्याचीच शक्यता जास्त. शब्दकोश सुटत असे, ऑर्वेल अडकत असे. म्हणून टपालाला जोडून दुसरी वाट निघाली. पश्चिमेत आलेल्या पूर्वेकडच्या प्रवाशांना तिथल्या दुकानांतून पुस्तकं फुकट द्यायची, ती त्यांनी सामानात लपवून न्यायची. पातळ कागदावर, बारीक टायपात, खिशात मावतील अशा आवृत्त्या निघाल्या.

आणि टपाल जिथे संपत असे तिथून खरं वाटप सुरू होई. यानुश बोगुत्स्की या कलासमीक्षकाने १९५७ मध्ये पॅरिसहून '१९८४' लपवून वॉर्सात नेली आणि मुलीला दिली. मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. हीच तेरेसा बोगुत्स्का १९७६ मध्ये सरकारविरोधी चळवळीत आली, तेव्हा तिने सेन्सॉरला चुकवून आलेल्या पुस्तकांचं वाचनालय सुरू केलं आणि स्वतःकडची पुस्तकं त्यात घातली. त्यात ही प्रतही होती. बाहेरून बघाल तर कॉम्प्युटरचं कंटाळवाणं माहितीपुस्तक, आत ऑर्वेल! आपल्याकडे अभ्यासाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल, फक्त तिथे पकडलं गेल्यावर मिळणारी शिक्षा आईच्या धपाट्यापेक्षा बरीच मोठी होती.

असो. आता मला खुपणारा भाग.

या सगळ्याचा खर्च कोण करत होतं? सीआयए. फ्री युरोपमागे कोणाचा पैसा आहे याचा बोभाटा १९६७ च्या सुमाराला झाला, पण पुस्तकांचं काम आडून चालूच राहिलं. पार्सल सोडवून घेणाऱ्या वाचकाला वाटे, पॅरिसच्या कोण्या भल्या प्रकाशकाने भेट पाठवली. तो आभाराचं पत्र लिही, पुढचं पुस्तक मागे.

आता '१९८४' वाचलेल्यांना एक प्रसंग आठवेल. नायक विन्स्टनला एक बंदी घातलेलं पुस्तक गुपचूप मिळतं. ते वाचून त्याला वाटतं, आपल्याला खरं काय ते कळलं. आणि शेवटी कळतं, की ते पुस्तक लिहिण्यात सत्ताधारी पक्षाच्याच माणसाचा हात होता. गुपचूप आलेलं पुस्तक कोणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, हा प्रश्न कादंबरीच्या पोटातच आहे, आणि ती कादंबरीच अशी पाठवली जात होती!

मग वॉर्सातला वाचक फसवला गेला का? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, नाही. पोस्टेजचे पैसे लपवलेले होते, हे चांगलं नव्हतंच. पण पुस्तकातला शब्द कोणी बदलला नव्हता. ते ऑर्वेलचं होतं आणि ज्याच्या हाती पडलं त्याला ते स्वतःच्या आयुष्याशी ताडून बघता येत होतं. चेकोस्लोव्हाकियातल्या मिलान शिमेच्काने तर त्यावर लिहिताना विन्स्टन स्मिथला आपला 'कॉम्रेड' म्हटलं. पाठवणाऱ्याच्या मनात काय आहे यापेक्षा घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय आहे, याला वजन जास्त.

हे ऑर्वेलला स्वतःला चांगलं ठाऊक असणार, कारण तोही एकेकाळी पाठवणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. आणि इथे आपला थेट संबंध येतो. बिहारमध्ये मोतिहारीला जन्मलेला हा माणूस १९४१ ते १९४३ बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये होता, हिंदुस्थानसाठी युद्धाची वार्तापत्रं लिहीत होता. १९४२ पासून त्यांतली काही मराठीत भाषांतर होऊन प्रसारित होत. वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. सरकारी पैसा, सरकारी सेन्सॉर, आणि श्रोते आपले आजी-आजोबा! १९४३ मध्ये त्याने राजीनामा दिला, कारण या कामातून काहीच निष्पन्न होत नाही, आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातोय, असं त्याला वाटू लागलं. सरकारने पाठवलेलं सगळंच पोचतं असं नाही, हा धडा त्याने आपल्यावर गिरवला होता.

४ जून १९८९ ला पोलंडमध्ये निवडणुका झाल्या आणि सत्ताधारी पक्ष सपाटून हरला. '१९८४' प्रसिद्ध होऊन चाळीस वर्षं व्हायला चार दिवस बाकी होते. निवडणूक एका कादंबरीने जिंकली असं कोणी म्हणू नये. संप करणारे कामगार होते, चर्च होतं, मॉस्कोत गोर्बाचेव होता. पण तीस-चाळीस वर्षं ज्यांनी एकेक प्रत वाचली, वेष्टन घातलं आणि धोका पत्करून पुढच्याच्या हातात दिली, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. पाठवणाऱ्यांनी पुस्तकांचे आकडे ठेवले. एकेक प्रत किती जणांनी वाचली, ते मोजणार कोण?