आंतरराष्ट्रीय कायदा आणि मराठवाड्याची प्रजा

दोन राष्ट्रांतील तंटा कसा मिटवावा, हें आंतरराष्ट्रीय कायदा सांगतो. परंतु राष्ट्र म्हणून दाद मागण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्याही आधींचा आहे. १९४८ सालीं तो हैदराबाद संस्थानावरून, म्हणजेच आपल्या मराठवाड्यावरूनही, जगापुढें आला.

ब्रिटिश सार्वभौम सत्ता १५ ऑगस्ट १९४७ रोजीं संपली, तेव्हां आपण स्वतंत्र झालों, असें निजामाचें म्हणणें होतें. २९ नोव्हेंबर रोजीं त्यानें भारताशीं एक वर्षाचा जैसे-थे करार केला. परराष्ट्रव्यवहाराची जुनी व्यवस्था त्या अन्वयें तशीच चालावयाची होती. तरीही २१ ऑगस्ट १९४८ रोजीं हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेकडे गेली. सभासद नसलेल्या राष्ट्रासही तेथें दाद मागतां येते, हा तिचा आधार; हैदराबाद हें राष्ट्रच नव्हे, हें भारताच्या वतीनें रामस्वामी मुदलियार यांचें उत्तर.

१६ सप्टेंबर रोजीं पॅरिस येथें परिषदेनें हा विषय आठ मतांनीं विचारार्थ घेतला. तिघे तटस्थ राहिले. तत्पूर्वीं १३ तारखेसच भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें होतें, व दुसऱ्याच दिवशीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, त्याच्या हातीं आलें होतें. १७ तारखेस निजामानें युद्ध थांबविलें आणि २२ तारखेस तक्रार मागें घेतली. परिषदेनें या प्रकरणीं एकही ठराव केला नाहीं.

पुढें अमेरिकेंतील आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्वन्मान्य त्रैमासिकांत १९४९ सालीं तारकनाथ दास यांनीं व १९५० सालीं क्लाइड ईगलटन यांनीं हैदराबादवर लेख लिहिले. अशी चर्चा निरर्थक नव्हे. बळ असेल तेथें न्याय असतोच असें नाहीं. म्हणून बळवंतासही जाब विचारणारें स्थान जगांत हवें.

परंतु संस्थानच्या सुमारें एक कोटी साठ लक्ष प्रजेचें मत कोणी घेतलें होतें? १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली, आणि सत्याग्रह करणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगांत गेले. रझाकारांनीं छळलेल्यांचें गाऱ्हाणें निजामाच्या तक्रारींत असणें शक्यच नव्हतें. लष्करी कारवाईनंतर हजारों निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्याची चौकशी केली, पण तिचा अहवालही सरकारनें कित्येक वर्षें प्रसिद्ध केला नाहीं.

१७ सप्टेंबर हा आपला मुक्तिदिन. त्या दिवशीं या दोन्ही दुःखांचें स्मरण व्हावें. सिंहासनाचे हक्क तपासणाऱ्या कायद्यानें प्रजेचेंही ऐकून घ्यावें, हीच या प्रकरणाची शिकवण आहे.