मोरकॅमची वाळू आणि पडद्यावरचे मरण

साहसपटांत रुतणारी वाळू माणसाला ठरलेल्या क्रमाने गिळते. आधी गुडघे जातात, मग छाती, आणि शेवटी वर उरलेला हातही दिसेनासा होतो. 1962च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त सिनाईच्या वाळवंटात कोवळ्या दाऊदचा अंत असाच होतो. अशा वाळूची भीती खरी आहे, पण सिनेमाने तिचे कारण भलतेच दाखवले. खरे कारण शोधायचे तर इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मोरकॅम उपसागराचा इतिहास पाहावा.

ओहोटीला या उपसागरात मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते. किनाऱ्याने जायचे तर मोठा वळसा, म्हणून लोक शतकानुशतके ही वाळूच तुडवत गेले. वाट दाखवण्याचे काम आधी कार्टमेलच्या मठाकडे होते. मठ बरखास्त झाल्यावर राजसत्तेने वाटाड्या नेमायला सुरुवात केली. 1548पासून त्या नेमणुकीची नोंद सापडते. पुढे घोडागाड्याही याच वाटेने धावल्या आणि 1857मध्ये रेल्वे आल्यावर ही वर्दळ ओसरली. या वाटाड्याचे काम नीट पाहण्यासारखे आहे. तो काठीने वाळू चाचपतो, केंट नदीचा प्रवाह कुठे सरकला ते पाहतो, उताराची जागा झाडाच्या फांद्या रोवून दाखवतो आणि भरतीच्या आत माणसे पलीकडे पोचवतो. रुतणे टाळायचे ते मुख्यतः वेळ हातून जाऊ नये म्हणून.

वाळू स्वतः माणसाला पुरती गिळत नाही, हे विज्ञानही सांगते. ॲमस्टरडॅमचे डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की वाळू, चिकणमाती आणि खारे पाणी यांचे हे मिश्रण हलवले की एकदम पातळ होते आणि मग वाळू तळाशी घट्ट बसते. त्या थराची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट, तर माणसाची जवळपास पाण्याइतकीच. त्यामुळे माणूस साधारण कमरेपर्यंतच जातो, पुढे तरंगतो. पण सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने पाय उपसायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतके बळ लागते. पाय हळूहळू हलवून भोवती पाणी शिरू देणे, हाच सुटकेचा मार्ग.

मग वाळूत गाड्या गडप झाल्याच्या हकिगतींचे काय? त्यांत तथ्य असू शकते, कारण लोखंड त्या वाळूपेक्षा कितीतरी जड आहे. त्यावरून माणसाचे अनुमान काढता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2004मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात बारीक कोरड्या वाळूत खालून हवा सोडून ती सैल केली, हवा बंद केली, आणि वर ठेवलेला चेंडू क्षणात आत गेला. म्हणजे कोरडी वाळूही गिळू शकते. पण ती प्रयोगशाळेत मुद्दाम सैल केलेली वाळू होती. वाऱ्याने थापलेल्या आणि पायाखाली दबलेल्या वाळवंटावर तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. दाऊदचे मरण त्यामुळे पटण्याजोगे ठरत नाही.

मोरकॅममध्ये 5 फेब्रुवारी 2004च्या रात्री शिंपले वेचायला उतरलेले किमान 21 चिनी कामगार मरण पावले. त्यांना वाळूने गिळले नाही. अंधारात चढत्या भरतीने त्यांना गाठले आणि थंड पाण्यात ते बुडाले.